मंगळवार, शुक्रवार, सात ते सव्वाआठ

शनिवारी दुपारी ज्युदोच्या वर्गाचं गाठोडं लाँड्रीत आलं की वहिनी आधी मोठी इस्त्री तापायला लावायच्या. साध्या शर्टाला पुरणारी वाफ त्या पोशाखांना पुरत नसे. गोधडीसारखं जाड कापड, खांद्यावर दुहेरी शिवण, आणि बाही अशी की आत इस्त्री फिरवताना मनगट भरून यावं. वर्ग भरायचा रस्त्याच्या पलीकडे, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर. नव्याने येणाऱ्यांसाठी ठेवलेले ते बावीस पोशाख वहिनी एकेक करून ओळखायच्या. एकाची कॉलर उसवलेली, एकाच्या गुडघ्याला ठिगळ, एकावर काही केल्या न निघणारा शाईचा डाग. ते घालणारी माणसं मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत, कारण त्यांचे यजमान सगळ्यांचे दादा होते. दादा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे लिफ्ट अडकली की जेवणावरून उठून जायचे, आणि रस्त्याने चालतानाही वर बघत चालायचे, कुठल्या इमारतीत कोणत्या कंपनीचं यंत्र आहे ते मोजत. मुलगी शिकायला परगावी गेली होती. घरात तिसरे नाना, म्हणजे दादांचे वडील. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचायचे.

एका मंगळवारी वर्गाचं गाठोडं न्यायला कोणी आलं नाही. वहिनींनी दुकान बंद केलं आणि म्हटलं, चला, आपणच टाकून येऊ, पाच मिनिटांचं तर काम. घरी नाना बूट घालून बसले असणार होते. सात वाजता त्यांना फिरायला न्यायचं, हे वर्षभर न चुकलेलं काम होतं. जिना चढून त्या वर गेल्या, दार पायाने ढकललं, आणि गाठोडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

आत दहा-बारा माणसं पडत होती. पडत होती म्हणजे मुद्दाम, एकामागून एक, रांगेत. मागे झुकायचं, हनुवटी छातीला लावायची, दोन्ही हात गादीवर फटकन मारायचे, की पुन्हा उठून रांगेत. त्यांत एक टक्कल पडलेला गृहस्थ होता, दोन कॉलेजातल्या मुली होत्या, आणि चक्क कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातली बाई होती. काउंटरवर तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. इथे ती उताणी पडली, केस तोंडावर आले, आणि ती खदखदून हसली.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. बुटक्या, पिकलेले केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी गाठोडं घेतलं आणि वहिनींकडे शिंपी माप घेताना बघतो तसं बघितलं.

"उजवा खांदा वर, डावा खाली. किती वर्षं इस्त्री करताय?"

"एकोणीस."

"मान वळते का उजवीकडे?"

वहिनींनी वळवून दाखवली. अर्ध्यावर थांबली.

"मंगळवार, शुक्रवार, सात ते सव्वाआठ," बाई म्हणाल्या. "आधी दोन महिने फक्त पडायला शिकवते. घाबरण्यासारखं काही नाही."

"माझं वय सत्तेचाळीस आहे."

"मग उशीर करू नका."

घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. नाना बूट घालून खुर्चीत बसले होते आणि काही बोलत नव्हते, म्हणजे बरंच काही बोलत होते.

जेवताना वहिनींनी विषय काढला. दादा म्हणाले, "कर की. चांगलं आहे." दादांचं 'हो' असंच होतं. तोंडातून लगेच यायचं आणि तिथेच संपायचं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, तेव्हा वहिनींना ते माहीत होतं. नानांनी ताटाकडे बघत विचारलं, "सात वाजता?"

सगळी अडचण त्या प्रश्नात होती. वर्षभरापूर्वी नाना न्हाणीघरात घसरून पडले होते. हाड शाबूत राहिलं, धीर मात्र मोडला. तेव्हापासून ते एकटे घराबाहेर पडत नसत. संध्याकाळी तासभर वहिनींचा दंड धरून चालायचे, आणि तोही असा घट्ट की घरी आल्यावर बोटांचे ठसे दिसायचे.

वहिनींनी आधी फिरणं साडेपाचला आणून पाहिलं. दुकान लवकर बंद करायचं, नानांना फिरवायचं, मग वर्ग. पहिल्याच आठवड्यात तीन गिऱ्हाइकं बंद दारावर हात आपटून गेली, आणि नाना म्हणाले की ऊन डोळ्यांवर येतं. मग दादांना पाठवून पाहिलं. बाप-लेक दहाव्या मिनिटाला परत आले. नाना म्हणाले, "हा रस्त्याकडे बघतच नाही. इमारतींकडे बघतो. मला पाडेल." दादा म्हणाले, "ते एवढे सावकाश चालतात की आम्ही उभेच आहोत असं लोकांना वाटलं. एकाने आम्हाला पत्ता विचारला." दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी वर्गाचा विषयच सोडला. कॉलर उसवलेला तो पोशाख त्यांनी स्वतःसाठी नीट शिवून घेतला होता. तो दुकानात मांडणीवर घडी होऊन पडला. बुधवारी त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या शर्टाचा कफ जळला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्या जळक्या कापडाकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण आठ दिवस मनातल्या मनात भांडतोय आणि समोरच्याला त्याचा पत्ताच नाही.

त्या संध्याकाळी फिरताना त्या म्हणाल्या, "नाना, मंगळवारी आणि शुक्रवारी मी फिरायला येणार नाही."

नानांची पकड घट्ट झाली. "मग मी काय करू?"

"माझ्याबरोबर चला. तिथे भिंतीशी बाक आहे. बसा. पेपर वाचा."

"जिना आहे तिथे."

"चौदा पायऱ्या. कठडा आहे. मी मागे असेन."

कोपरा वळताना नाना म्हणाले, "तू पडलेलं बघायला यायचं म्हणजे जरा विचित्रच आहे, सूनबाई." पण नाही म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर वहिनींनी दादांनाही समोर बसवलं. "तुम्ही हो म्हणालात ना? आता त्या 'हो'त काय काय येतं ते ठरवू या." मंगळवारचा आणि शुक्रवारचा स्वयंपाक त्यात आला. दादा म्हणाले, मला भात आणि बटाट्याची भाजी, एवढंच येतं. वहिनी म्हणाल्या, मग आठवड्यातून दोनदा आपण भात आणि बटाट्याची भाजी खाऊ. दादा हसले, आणि अडकलेली लिफ्ट सोडवून आल्यासारखे हाशहुश करत कांदे कुठे ठेवलेत ते विचारायला लागले.

शुक्रवारी नाना बाकावर बसले. मांडीवर पेपर, हातात पेन्सिल. वहिनी पडायला लागल्या. मागे पडायचं भय काय असतं ते तेव्हा त्यांना कळलं. शरीर ऐकतच नाही. कंबर मध्येच ताठ होते, हात आधार शोधायला मागे जातो. बाई सारख्या म्हणत, "हात टेकू नका. हात टेकला की मनगट जातं. पडायचं तर पूर्ण पडा." पहिल्या दिवशी वहिनी पोत्यासारख्या आदळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात पहिल्यांदा बरोबर वेळेला गादीवर बसला. फाट्! आवाज असा खणखणीत आला की त्यांनी पडल्यापडल्याच वर बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून.

नानांनी ऐकलं होतं. त्यांनी पेपर केव्हाच खाली ठेवला होता.

"मान," ते बाकावरून म्हणाले. "मान शेवटी सुटते तिची. हनुवटी एक क्षण आधीच वर येते."

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई वळून नानांकडे बघत म्हणाल्या, "बरोबर आहे. मलाही तेच सांगायचं होतं."

त्यानंतर नानांना कोणी आवरेना. टकलू गृहस्थाचा डावा पाय आधी उठतो. मुलींपैकी उंच आहे ती डोळे मिटते. औषधवालीचं सगळं चांगलं आहे, फक्त बोलते फार. लोकांना आधी हसू यायचं, मग हळूहळू ते स्वतःच विचारायला लागले, "नाना, आता कसं होतं?" नाना पेन्सिल कानावर ठेवून सांगायचे. घरी जाताना जिन्यावर त्यांचा हात कठड्यावर असायचा, आणि बोलण्याच्या नादात चौदा पायऱ्या कधी संपल्या ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

दीड-दोन महिन्यांनी एका मंगळवारी, सगळे जोड्या करून एकमेकांच्या कॉलरी धरायला शिकत असताना, बाई नानांशेजारी बाकावर बसल्या.

"तुम्ही पडला होता म्हणे."

"हो. न्हाणीघरात."

"किती वेळ होता जमिनीवर?"

वहिनी चार हातांच्या अंतरावर होत्या. औषधवालीने त्यांची कॉलर धरली होती. नाना काय सांगतात ते वहिनींना माहीतच होतं. 'आत्ताच घसरलो,' असंच ते त्या दिवशी म्हणाले होते, वहिनी दुकानातून घरी आल्या तेव्हा.

"एक तास पंचेचाळीस मिनिटं," नाना म्हणाले. "पावणेचारला पडलो. सूनबाई साडेपाचला आली, काहीतरी न्यायला. पाच मिनिटं तर नीटसं कळलंच नाही कुठे आहे ते. बाकीचा वेळ उठायचा प्रयत्न केला. पाय घसरायचे. मग प्रयत्न सोडला आणि फरशा मोजल्या. एकशे बारा आहेत. कडेच्या कापलेल्या धरल्या तर एकशे सव्वीस."

बाईंनी मान हलवली. "म्हणजे पडायची भीती नाही तुमची. उठता येणार नाही याची आहे."

नानांनी पेन्सिल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "असं कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

औषधवाली हळूच म्हणाली, "वहिनी, थांबू या का जरा?" वहिनींनी मान हलवली आणि पकड सोडली नाही. सोडली असती तर त्या बाकाकडे गेल्या असत्या, आणि नानांना ते आवडलं नसतं.

जिना उतरताना मात्र त्यांनी विचारलं. "नाना, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू दुकान बंद करून घरी बसली असतीस."

वहिनी खरंच बसल्या असत्या. दोघांनी रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर नाना म्हणाले, "आणि मग कफ जाळायला शर्ट कुठून आणला असतास?" तेव्हा कुठे वहिनींना हसू आलं, आणि डोळे पुसायला सबबही मिळाली.

पुढच्या शुक्रवारपासून नाना गादीवर आले. बंडी, पँट, पायांत काही नाही. बाईंनी त्यांना पाडलं नाही. त्या त्यांना धरून खाली बसवायच्या, निजवायच्या, आणि म्हणायच्या, "आता उठा. घाई नाही." उताणं असलं तर कुशीवर वळायचं. वरचा हात छातीपुढे टेकवायचा. कोपरावर यायचं. मग गुडघे, आणि मग खुर्ची असेल, बादली असेल, भिंत असेल, जे हाताशी येईल ते धरून एक पाय पुढे. पहिल्या दिवशी सगळ्याला मिळून नऊ मिनिटं लागली. वर्ग आपापलं करत राहिला, कोणी टक लावून बघितलं नाही. तरी नाना उभे राहिले तेव्हा धपाधप पडायचे आवाज एकदम थांबले होते, एवढं खरं.

महिनाभरात नऊ मिनिटांची दोन झाली. नंतर तर बाईंनी खुर्चीही काढून घेतली. एकदा नाना उठून उभे राहिले, धोतराचा सोगा झटकावा तशी पँट झटकली आणि म्हणाले, "आता छापायला हरकत नाही."

मग एका गुरुवारी, वर्ग नसलेल्या दिवशी, वहिनी साडेसहाला दुकान बंद करून घरी आल्या तर नाना घरात नव्हते. खुर्ची रिकामी. बूट नाहीत. दादा स्वयंपाकघरातून म्हणाले, "फिरायला गेलेत. मी येतो म्हटलं तर म्हणाले, तू इमारती बघत बस." दोघंही खिडकीशी जाऊन उभी राहिली. नाना कोपऱ्यावर पेपरवाल्याशी बोलत होते. हातवाऱ्यांवरून पेपरातल्याच कुठल्या तरी चुकीबद्दल असावं. मग भिंतीच्या कडेकडेने, सावकाश, पण कोणालाही न धरता ते पुढे निघाले.

"बोलवू का त्यांना?" दादांनी विचारलं.

"कशाला?"

त्या संध्याकाळी वहिनींच्या हाती अख्खा एक तास आला, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी कपाट आवरायला घेतलं आणि सोडून दिलं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, काही झालंय का? तू या वेळी कशी?" "काही नाही. मोकळी आहे," वहिनी म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांना स्वतःलाच नवा वाटला. मग बैठकीच्या खोलीतलं मेज बाजूला सरकवून त्यांनी दादांना कॉलर धरायला लावली, आणि तासभर नुसतं वळणं घोटलं. पाय आत, पाठ समोरच्याच्या छातीला, गुडघे वाकवायचे. दादा म्हणाले, "उचलू नकोस हं." त्या म्हणाल्या, "उचलायला अजून जमत नाही. तुम्ही काळजी करू नका." पण जमत नाही हे त्यांना खुपत होतं. समोरच्याचा हात धरून खांद्यावरून पुढे टाकायचा तो एकच डाव त्यांच्या पहिल्या पट्ट्याच्या परीक्षेत होता, आणि औषधवाली त्यांच्या पाठीवरून एकदाही गेली नव्हती. दर वेळी तिथेच लोंबकळायची, आणि दोघी मिळून खाली बसायच्या.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा एका रविवारी सकाळी होती. बाहेरून दोन परीक्षक आले होते, दोघेही गंभीर. नाना बाकावर होते. दादाही आले. त्यांना कुठे बसावं कळेना, म्हणून ते लिफ्टच्या दारापाशी उभं राहावं तसे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. वहिनींचं पडणं झालं. मागे, डावीकडे, उजवीकडे, पुढे. हनुवटी आत. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं. मग तो डाव आला. परीक्षकाने त्याचं लांबलचक जपानी नाव घेतलं, आणि वहिनी गोंधळल्या. नावं त्यांच्या कधीच ध्यानात राहत नसत. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंना बोलायची परवानगी नव्हती.

बाकावरून नानांचा आवाज आला, हळू, पण स्पष्ट. "धोबीपछाड. आपल्या धंद्यातलाच डाव आहे, सूनबाई."

टकलू गृहस्थ फिसकन हसला. परीक्षकांनी वळून नानांकडे बघितलं, नानांनी पेपरात डोकं घातलं. पण वहिनींच्या खांद्यातून काहीतरी सैल झालं. एकोणीस वर्षं ओल्या चादरी खांद्यावरून त्यांनी किती वेळा पुढे टाकल्या होत्या, त्याची गणती नव्हती. चादर कोणी हातांनी उचलत नाही. तिच्याखाली शिरायचं, गुडघे सरळ करायचे, की ती आपणच जाते. त्यांनी औषधवालीची बाही धरली, वळल्या, खाली शिरल्या. ओझं पाठीवर आलं, आणि क्षणभराने पाठीवर काहीच नव्हतं. समोर गादीवर फाट् असा आवाज झाला. औषधवाली उताणी पडली होती आणि वहिनींकडे बघत म्हणत होती, "अगं बाई, गेले की मी!"

गंभीर परीक्षकाने लिहायचं थांबवलं आणि म्हणाला, "पुन्हा एकदा दाखवा." वहिनींनी पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा मागितला नव्हता, तरी दाखवला.

बाईंनी पट्टा बांधला तेव्हा त्यांची उंची वहिनींच्या खांद्यापर्यंतच येत होती. गाठ मारता मारता त्या म्हणाल्या, "मान वळवा बघू उजवीकडे." वहिनींनी वळवली. खिडकी दिसली, खिडकीबाहेर आपल्या दुकानाची पाटी दिसली, आणि पाटीच्याही पलीकडे थोडं दिसलं.

"ठीक," बाई म्हणाल्या. "मंगळवारी वेळेवर या."

सोमवारी सकाळी दुकान उघडताना वहिनींचं अंग ठणकत होतं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नेहमीचं, बँकेतले साहेब. आठवड्याचे पाच शर्ट, कॉलरीला जास्त कांजी. ते ठेवून घेऊन वहिनी त्यांचा मागच्या आठवड्याचा तयार गठ्ठा मांडणीवरून काढायला वाकल्या आणि कण्हल्या.

"काय वहिनी, पाठ धरली का?" साहेबांनी आपुलकीने विचारलं. "या वयात जपायला हवं हो."

"पाठ नाही धरली. काल एका बाईला खांद्यावरून आपटलं. तीन वेळा."

साहेब हसले. मग त्यांनी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हसू जरा मंदावलं. गठ्ठा घेताना ते काउंटरपासून एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "कांजी जशी जमेल तशी घाला. घाई नाही."

"गुरुवारी मिळतील," वहिनी म्हणाल्या, आणि इस्त्री तापायला लावली.